उकिरड्याचें दैव : खाणींतला टाकाऊ दगड आणि सूक्ष्मजंतु

उकिरड्याचें दैवदेखील बारा वर्षांनीं उजळतें, अशी आपल्या मराठींत एक म्हण आहे. ती बहुधा हताश माणसाला धीर देण्याकरितां वापरतात. आज मी ती खऱ्याखुऱ्या उकिरड्याला लावणार आहें. मात्र हा उकिरडा घरामागचा नव्हे; तो खाणीच्या तोंडाशीं सांचलेला, दगडामातीचा आहे. त्याचें दैव उजळविणारे कामकरी इतके लहान आहेत कीं, त्यांतले हजार एका रांगेंत उभे केले तर ती रांग कशीबशी एक मिलिमीटर भरेल. हे कामकरी म्हणजे सूक्ष्मजंतु. ते टाकाऊ दगडांतून तांब्यासारखा धातु बाहेर काढतात तरी कसे, आपल्या महाराष्ट्राचा आणि विशेषतः पुण्याचा या कामाशीं काय संबंध आहे, आणि या कामकऱ्यांवर विसंबण्यांत धोका कोठें आहे, एवढें या भाषणांत सांगण्याचा विचार आहे. मी शास्त्रज्ञ नाहीं. सदाशिव पेठेंत राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आहें. म्हणून रसायनशास्त्राचीं सूत्रें न मांडतां, घरांतल्या आणि बाजारांतल्या वस्तूंच्या आधारानेंच विषय समजावून देईन.

प्रथम तांब्याकडे पाहूं. कसबा पेठेंतील तांबट आळीवरून गेलेल्या प्रत्येक पुणेकराच्या कानांत तांब्याच्या पत्र्यावर पडणारा हातोड्याचा ठोका बसलेला आहे. तेथें घडणाऱ्या बंबाचें, घंगाळाचें, हंड्याचें तांबें मुळांत दगडांतून आलेलें असतें, आणि तो दगड तांबें देण्याच्या बाबतींत मोठा कृपण असतो. आपल्या गोंदिया जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे. १९५६ पर्यंत हे दोन्ही भाग नागपूर ही राजधानी असलेल्या एकाच राज्यांत होते. या बालाघाट जिल्ह्यांत मलांजखंड येथें हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची प्रचंड खाण आहे. ती १९८२ सालीं सुरू झाली. देशांतील तांब्याच्या खाणींत ती सर्वांत मोठी. पण तिच्यांतला चांगला म्हटला जाणारा दगडही शंभर किलोंमागें एखादा किलोच तांबें देतो. मग उरलेले नव्याण्णव किलो जातात कोठें?

ते दोन वाटांनीं जातात. ज्या दगडांत तांबें फारच थोडें, म्हणजे अर्धा टक्का किंवा पाव टक्का असतें, तो दगड दळण्याचा खर्चही सुटत नाहीं. म्हणून तो खणून बाजूला टाकतात व त्याचे डोंगर होतात. जो दगड चांगला ठरतो तो पिठासारखा दळतात, पाण्यांत कालवितात, त्यांत तेलकट द्रव्यें घालून हवा सोडतात, आणि फेंसाला चिकटून वर आलेले धातूचे कण उचलून घेतात. खालीं राहिलेला गाळ बांध घातलेल्या मोठ्या तळ्यांत सोडून देतात. या दोन्ही ढिगांत थोडें थोडें तांबें राहून गेलेलें असतेंच. थोडें म्हणजे टक्क्यांत थोडें. पण ढीगच कोट्यवधि किलोंचा असला कीं, थोडें थोडें मिळून पुष्कळ होतें. इकडे आपल्या देशांतील कारखान्यांना लागणाऱ्या तांब्याच्या कच्च्या मालाचा बहुतेक भाग परदेशांतून येतो, आणि विजेच्या तारांपासून मोटारींपर्यंत तांब्याची गरज वाढतच आहे. परक्याकडून विकत आणायचें आणि घरचें उकिरड्यावर टाकायचें, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटण्याजोगा नाहीं.

आतां त्या ढिगांत काय असतें तें पाहूं. आयुर्वेदाच्या रसशास्त्रांत सुवर्णमाक्षिक नांवाचें एक खनिज आहे. तें सोन्यासारखें पिवळें चमकतें, पण त्यांत सोनें नसतें. त्यांत तांबें, लोखंड व गंधक हीं तीन द्रव्यें एकमेकांना घट्ट धरून असतात. त्याचाच भाऊबंद म्हणजे लोहमाक्षिक. त्यांत तांबें नसतें, केवळ लोखंड व गंधक. खाणींच्या ढिगांत हीं दोन्हीं सांपडतात. धातूला गंधकाच्या मिठींतून सोडविणें, हें तांबें गाळण्याचें अर्धें काम आहे. भट्टींत तें अग्नीच्या बळानें होतें. गंधक जळतो, त्याचा घुसमटविणारा धूर होतो, आणि जळण पुष्कळ लागतें. गरीब दगडासाठीं एवढा अग्नि पेटविणें परवडत नाहीं. येथें आपले सूक्ष्मजंतु पुढें येतात. ते हेंच काम थंडपणें, भट्टीवांचून करतात.

हे जंतु आपल्या परिचयाच्या जंतूंहून फार निराळे आहेत. दह्यांतले जंतु दुधांतल्या साखरेवर जगतात, जखमेंतले जंतु रक्तमांसावर जगतात. हे मात्र लोखंड आणि गंधक यांवर जगतात. यांना साखर नको, मांस नको, सूर्यप्रकाशही नको. शरीर बांधण्यास लागणारा कर्ब ते झाडांप्रमाणेंच हवेंतून घेतात. आणि झाडांना जी शक्ति सूर्यापासून मिळते, ती हे लोखंडाचा व गंधकाचा प्राणवायूशीं संयोग घडवून मिळवितात. त्यांना आवडणारें पाणी लिंबाच्या रसाइतकें आंबट असतें. इतर बहुतेक जीव ज्या पाण्यांत तडफडून मरतील, त्यांत यांची वस्ती भरभराटीला येते. ऊब म्हणाल तर तीस अंशांच्या आसपासची, म्हणजे आपल्याकडे सहज मिळणारी, त्यांना मानवते. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध जंतूचें शास्त्रीय नांव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स असें लांबलचक आहे. आंबट पाण्यांत राहणारा, गंधक व लोखंड यांचा प्राणवायूशीं संयोग करणारा दंडगोलाकार जीव, एवढाच त्याचा अर्थ. तो पाठ करण्याची कोणालाही सक्ति नाहीं.

त्यांच्या कामाची रीत ध्यानांत येण्यास विहिरीवरचें रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणावें. रहाटाचीं गाडगीं रिकामीं खालीं जातात, भरून वर येतात, ओततात, आणि पुन्हां खालीं जातात. गाडगीं तींच, पाणी मात्र सारखें येत राहतें. खाणींच्या ढिगांत गाडग्यांचें काम पाण्यांत विरघळलेलें लोखंड करतें. लोखंडाचीं अशीं दोन रूपें असतात. एक सौम्य रूप, जें आपल्या हिराकसांत असतें. दुसरें तीव्र रूप, तांबूस-पिवळ्या रंगाचें. तीव्र रूपांतलें लोखंड माक्षिकावर तुटून पडतें, गंधकाची मिठी सोडवितें, आणि तांब्याला पाण्यांत मोकळें करतें. पण तें करतांना तें स्वतः दमून सौम्य होतें. तेथेंच काम थांबावयाचें. हवेंतल्या प्राणवायूनें हें सौम्य लोखंड पुनः तीव्र होतें खरें. परंतु आंबट पाण्यांत तें काम अतिशय मंद चालतें. सूक्ष्मजंतु हें काम स्वतःच्या पोटासाठीं करतात, आणि त्याचा वेग सुमारें दहा लक्षपटींनीं वाढवितात. म्हणजे रहाट फिरविणारा बैल तो हाच. शिवाय सुटलेल्या गंधकाचें गंधकाम्ल बनविणारे दुसरे जंतु याच वस्तींत असतात. ते पाण्याचा आंबटपणा टिकवून धरतात. लोखंड तेंच तें फिरत राहतें, जंतु जेवत राहतात, आणि दगडांतलें तांबें थेंबाथेंबानें पाण्यांत उतरत राहतें.

पाण्यांत उतरलेलें तांबें कोणत्या रूपांत असतें? आपल्या ओळखीच्या मोरचुदाच्या. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार चुन्याबरोबर कालवून जें निळें औषध वेलींवर फवारतात, त्यांतलाच हा मोरचूद. त्याच्या निळ्या पाण्यांत स्वच्छ घासलेलें लोखंडी पातें थोडा वेळ बुडवून ठेवलें, तर त्यावर तांबड्या धातूचा थर चढतो. हा प्रयोग शाळेंत दाखविला कीं, मागच्या बांकावरचीं मुलेंही पुढें सरकून बसत. लोखंड पाण्यांत जातें आणि तेवढ्याच हिशेबानें तांबें बाहेर येतें. चीन देशांत सुंग राजवंशाच्या काळीं, म्हणजे सुमारें नऊशें-हजार वर्षांपूर्वीं, याच युक्तीनें निळ्या झऱ्यांच्या पाण्यांतून तांबें काढीत असत. स्पेनमध्यें रिओ टिंटो नांवाची नदी आहे. तिच्या नांवाचा अर्थच रंगलेली नदी असा आहे, कारण तिचें पाणी लोखंडानें तांबडें व आंबट झालेलें असतें. तिच्या कांठच्या खाणींत अठराव्या शतकापासून दगडांच्या ढिगांवर पाणी सोडून तांबें मिळवीत असत. खरें काम कोण करीत आहे, हें मात्र या लोकांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. विरजणांत जंतु असतात हें न कळतांही आपल्या आज्या-पणज्या उत्तम दहीं लावीत, तसेंच हें.

खरा कामकरी ओळखला गेला तो विसाव्या शतकांत. १९२२ सालीं सेलमन वॅक्समन व जेकब जॉफे यांनीं गंधकाचें अम्ल बनविणाऱ्या जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. हे वॅक्समन म्हणजे पुढें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या शोधाबद्दल ज्यांना १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें तेच. लोखंडावर जगणाऱ्या जंतूची कथा अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत कोळशाच्या खाणींतून वाहणारें पाणी इतकें आंबट होई कीं, त्यानें ओढे निर्जीव होत, पुलांचें लोखंड झिजे. याचें कारण शोधतांना आर्थर कोल्मर व एम्. ई. हिंकल यांना १९४७ सालीं त्या पाण्यांत हे जंतु आढळले. कोळशांत मिसळलेल्या लोहमाक्षिकावर ते जगत होते आणि अम्ल बनवीत होते. ध्यानांत घ्यावें कीं, या जंतूची पहिली ओळख उपकारकर्ता म्हणून झाली नाहीं. नद्या नासविणारा गुन्हेगार म्हणून झाली. पुढें दहा-अकरा वर्षांतच, १९५८ सालीं, अमेरिकेंतल्या केनेकॉट या तांब्याच्या कंपनीनें त्याच जंतूला कामाला लावण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. गुन्हेगाराचा कामकरी झाला.

आजच्या भाषणाचें मर्म येथेंच आहे, म्हणून येथें क्षणभर थांबतों. दूध उघड्यावर विसरून राहिलें तर नासतें. बेताचें कोमट करून, विरजण लावून, झांकून ठेवलें तर त्याचें दहीं होतें. दोन्ही ठिकाणीं कारभार जंतूंचाच. खाणींच्या ढिगांचेंही तसेंच आहे. ढीग आम्ही हात लावला नाहीं म्हणून निश्चल राहत नाहीं. पाऊस पडतो, हवा आंत शिरते, जंतु आपोआप येतात आणि आपलें काम सुरू करतात. फरक इतकाच कीं, राखण नसलेल्या ढिगांतून तांबें व अम्ल ओढ्यांत जातात आणि तें विष ठरतें. राखण असलेल्या ढिगांतून तेंच पाणी आपल्या हौदांत येतें आणि तें धन ठरतें.

ही राखण कशी करतात तें थोडक्यांत सांगतों. जमीन उताराची करून तिच्यावर पाणी न झिरपणारें जाड आवरण पसरतात. त्यावर फोडलेल्या दगडाचा ढीग रचतात, पण दाबून नव्हे. कारण जंतूंना श्वासोच्छ्वास हवा. पुष्कळ ठिकाणीं ढिगाखालीं भोंकांच्या नळ्या घालून पंख्यानें हवा सोडतात. वरून सौम्य आंबट पाणी ठिबकत ठेवतात. आपल्याकडे ऊंसाला किंवा द्राक्षांना ठिबक सिंचनानें पाणी देतात, तशीच ही व्यवस्था. जंतूंच्या पोषणासाठीं नत्र व स्फुरद यांचा थोडा पुरवठा करतात. खालून निळसर पाणी नाल्यांतून हौदांत येतें. पूर्वीं त्यांत भंगार लोखंड टाकून तांबें काढीत. आतां एका विशेष द्रवाच्या साहाय्यानें पाण्यांतलें तांबें वेगळें करतात आणि विजेच्या प्रवाहानें त्याचे शुद्ध पत्रे जमवितात. तांबें निघून गेलेलें पाणी टाकून देत नाहींत. तें फिरून ढिगावरच सोडतात. चिली देशांत लो आगिर्रे येथील खाणींत १९८० पासून या रीतीनें तांबें काढूं लागले, आणि नंतर त्या देशांतल्या इतर मोठ्या खाणींनींही ती उचलली.

या विद्येशीं पुण्याचें जुनें नातें आहे, हें पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नसतें. मालवण येथें १८८४ सालीं जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विद्यापीठांत प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर पुण्यास येऊन त्यांनीं १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेच्या उभारणीचें कार्य हातीं घेतलें. तिच्या संशोधनशाळेला १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था असें नांव आहे. डेक्कन जिमखान्यापलीकडे लॉ कॉलेजच्या रस्त्यानें जातांना ती लागते. येथील जंतुशास्त्रज्ञांनीं धातूंवर जगणाऱ्या जंतूंचा अनेक वर्षें अभ्यास केला. एकाच दगडांत तांबें, जस्त व शिसें मिसळलेलें असतें तेव्हां तें फेंसानें वेगळें करणें फार कठीण जातें. जंतूंच्या हवालीं केलें असतां जस्त व तांबें पाण्यांत उतरतें; शिशाचा गंधकाम्लाशीं होणारा क्षार पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून शिसें तळाशीं बसून राहतें. अशा मिश्र दगडांवरचें कामही येथें झालेलें आहे. मलांजखंडच्या गरीब दगडावर जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेनेंही असे प्रयोग केलेले आहेत.

विदर्भाच्या दृष्टीनें आणखी एक धातु महत्त्वाचा आहे; तो म्हणजे मँगनीज. नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी शंभर वर्षांहून अधिक काळ चालूं आहेत. मनसर, गुमगांव, डोंगरी बुजुर्ग, चिखला हीं त्यांतलीं परिचित नांवें. पोलाद बनविण्यास मँगनीज लागतें. परंतु येथील दगडांत गंधक नाहीं. मँगनीज तेथें प्राणवायूशीं बांधलेलें असतें. गंधकावर जगणाऱ्या जंतूला येथें जेवणच नाहीं! येथें दुसऱ्या जातीचे जंतु बोलवावे लागतात. त्यांना गोड किंवा पिष्टमय अन्न घालावें लागतें. साखर कारखान्यांतील मळी त्यांना चालते. हे जंतु मँगनीजला बांधलेला प्राणवायु काढून घेतात, आणि तसें झालें कीं मँगनीज पाण्यांत विरघळतें. पुण्याच्या संशोधनशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत आर्थ्रोबॅक्टर नांवाच्या जंतूंकडून मँगनीज विरघळवून घेण्याचे प्रयोग झाले. मळी आपल्या पश्चिम महाराष्ट्रांत, आणि मँगनीजचे ढीग विदर्भांत. दोहोंचा योग जुळविण्यासारखा आहे. मात्र अन्न विकत घालावें लागत असल्यामुळें येथें खर्चाचा हिशेब अधिक कसोशीनें करावा लागतो.

हीच गोष्ट गोव्याला लागू आहे. गोव्यांत लोखंडाच्या खाणींनीं टाकलेल्या तांबड्या मातीचे डोंगर आहेत. तेंही लोखंड प्राणवायूशीं बांधलेलें. तेव्हां माक्षिकावर जगणारा आपला जंतु तेथें उपाशी मरेल. प्रत्येक उकिरड्याचा वैद्य निराळा असतो, हें विसरतां कामा नये.

ढिगांतून धन निघून ढीगही नाहींसा झाला, असें एक चांगलें उदाहरण आफ्रिकेंतील युगांडा देशांत घडलें आहे. किलेम्बे येथील तांब्याची खाण १९८२ सालीं बंद पडली. तांबें काढून घेतल्यावर उरलेल्या लोहमाक्षिकाचा मोठा ढीग जवळच्या कासेसे गांवाशीं तसाच पडून होता, आणि त्यांत कोबाल्ट हा मौल्यवान धातु राहून गेला होता. पावसाळ्यांत त्यांतून आंबट, विषारी पाणी वाहे आणि जवळच्या राष्ट्रीय उद्यानांतील झाडझाडोरा करपून जाई. १९९९ सालीं तेथें मोठमोठ्या टाक्यांत तो भुगा पाण्यांत कालवून, हवा सोडून, जंतूंच्या हवालीं करण्यास आरंभ झाला. जंतु माक्षिक खात, कोबाल्ट पाण्यांत उतरे, आणि तें वेगळें काढून शुद्ध करीत. ढीग संपत आल्यावर, २०१३ च्या सुमारास, कारखान्याचें कामही आटोपलें. मोटारींच्या विजेऱ्यांत आज कोबाल्ट लागतें, आणि आपल्या देशांत त्याची स्वतंत्र खाण नाहीं. म्हणून हें उदाहरण आपण विशेष ध्यानांत ठेवावें.

सोन्याच्या बाबतींत जंतूंचें काम वेगळ्या प्रकारचें आहे. कित्येक खाणींत सोन्याचे अतिसूक्ष्म कण माक्षिकाच्या आंत कोंडलेले असतात. सोनें विरघळविणारें सायनाइड तेथवर पोहोंचतच नाहीं. जंतु सोन्याला स्पर्श करीत नाहींत. ते फक्त सभोंवतालची माक्षिकाची भिंत खाऊन टाकतात, आणि कोंडलेलें सोनें उघडें पडतें. दक्षिण आफ्रिकेंत फेअरव्ह्यू खाणींत १९८६ पासून ही रीत चालूं झाली. आपल्या देशांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें या प्रकारच्या दगडांवर पुष्कळ संशोधन केलें आहे.

एवढें ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग सगळे ढीग उद्यांच जंतूंच्या स्वाधीन कां करीत नाहींत? याचें पहिलें उत्तर वेळ. भट्टींत जें काम तासांत होतें, त्याला ढिगांत महिने, कित्येकदां वर्षें लागतात. दुसरें उत्तर सुवर्णमाक्षिकाचा हट्ट. मलांजखंडचें बहुतेक तांबें याच खनिजांत आहे. जंतूंचें काम कांहीं काळ चाललें कीं, त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ कवच चढतें आणि आंतलें तांबें बाहेर येईनासें होतें. दुधावर साय धरावी तसें. अधिक उष्णतेंत हें कवच इतकें आड येत नाहीं, म्हणून साठ-सत्तर अंशांच्या ऊन पाण्यांत राहणारे जंतु शास्त्रज्ञांनीं कामाला लावून पाहिले आहेत. अमेरिकेंतील यलोस्टोनच्या आंबट, कढत झऱ्यांत असे जंतु सांपडले. पण एवढा मोठा ढीग तापता ठेवणें सोपें नाहीं. तिसरें उत्तर आपला पावसाळा. चिलीच्या वाळवंटांत पाऊस जवळजवळ नाहीं. ढिगावर जितकें पाणी घालावें तितकेंच खालीं येतें. पूर्व विदर्भांत व बालाघाटांत मृगापासून जें पाणी कोसळतें, तें आपल्या हौदांचें माप विचारीत नाहीं. हौद भरून वाहिले तर तांबें व अम्ल सरळ नाल्यांत जातात, आणि नाल्याच्या पाण्यावर भात आणि गुरें जगत असतात.

हें भय काल्पनिक नाहीं. फिनलंडमध्यें टालविवारा येथें २००८ सालीं जंतूंच्या साहाय्यानें निकेल काढणारी भव्य खाण सुरू झाली. जगानें तिचें कौतुक केलें. पावसापाण्याचा हिशेब मात्र नीट बसला नाहीं. सांचलेलें पाणी वाढत गेलें. नोव्हेंबर १९१२ नव्हे, अगदीं अलीकडच्या नोव्हेंबर २०१२ मध्यें तेथील एका तळ्याला गळती लागली; निकेल व युरेनियम असलेलें पाणी आसपासच्या जलाशयांत गेलें. दोन वर्षांनीं कंपनीचें दिवाळें निघालें आणि सरकारी कंपनीला ती खाण पुढें चालवावी लागली. जंतूंनीं आपलें काम चोख केलें होतें. चुकली ती माणसांची राखण. इतक्या सुधारलेल्या, थंड देशांत असें घडूं शकतें, तर आपण दुप्पट सावध असावयास हवें.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून विषय पुरा होणार नाहीं. ढिगांतलें सगळें धन निघालें तरी दगडमाती उरतेच. तिचें काय? नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, जिला सर्वजण नीरी म्हणतात, गुमगांवच्या मँगनीजच्या ढिगांवर याचें उत्तर करून दाखविलें. त्या उघड्या, निःसत्त्व ढिगांवर त्यांनीं साखर कारखान्यांतील टाकाऊ गाळ घातला. हवेंतला नत्र धरून ठेवणारे जंतु आणि मुळांशीं सख्य करणाऱ्या बुरशा रोपांना दिल्या. आणि मग तेथें झाडें लावलीं. ढीग हिरवे झाले. एक जंतु ढिगांतून धातु काढतो, दुसरा त्याच ढिगावर झाड उभें करतो. दोघांनाही योग्य वेळीं, योग्य ठिकाणीं बोलावणारा माणूस मात्र हवा.

श्रोतेहो, धातूचा दगड शेतांतल्या पिकासारखा फिरून उगवत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं सहज हातीं लागलें तें घेतलें. आपण त्याहून गरीब दगड घेत आहोंत. आपल्या नातवंडांना त्याहूनही गरीब दगडावर भागवावें लागेल. त्यांना आपण टाकलेले ढीगच खाण म्हणून वापरावे लागणार. म्हणून खाणीचा परवाना देतांना जसें किती धातु निघेल हें विचारतात, तसेंच ढीग कोठें टाकणार, त्याच्या तळाशीं काय पसरणार, त्यांतलें पाणी कोठें अडविणार, आणि खाण बंद झाल्यावर राखण कोण करणार, हेंही विचारलें गेलें पाहिजे. खाणीशेजारच्या गांवांनीं तर हे प्रश्न अगोदर विचारावे. कारण ओढ्याचें पाणी पहिल्यानें त्यांच्याच दारांत येतें. सूक्ष्मजंतु आपल्या परवानगीची वाट पाहत नाहींत. पहिला पाऊस पडला कीं ते कामाला लागतात. त्यांच्या श्रमाचें आपण विरजण लावणार कीं नासवण होऊं देणार, एवढाच निर्णय आपल्या हातीं आहे.